नादारीच्या अर्जासाठी वकील शोधताना: आमचा बेळगावचा अनुभव

गेल्या डिसेंबरात जिल्हा न्यायालयानं आमच्या ह्यांना नादार, म्हणजे देणी फेडू न शकणारा, ठरवल्याचा हुकूम दिला. तेव्हापासून ओळखीतल्या दोघी-तिघींनी बाजूला घेऊन विचारलंय, "वकील कोण गं तुमचा?" नाव सांगून काम भागत नाही, कारण प्रत्येकाच्या कर्जाचा गुंता निराळा असतो. पण वकील शोधायचा कसा, त्याला विचारायचं काय आणि पैसे कुठं जातात, हे सांगता येईल. मी काही कायद्याची जाणकार नाही. अनगोळला घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते.

उद्यमबागेत आमचं भाड्याच्या शेडमधलं जॉबवर्क होतं. दोन जुने लेथ आणि 2021 साली बँकेच्या कर्जातून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातूकामाचं मशीन. धंदा ह्यांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी. 2023 मध्ये मोठ्या गिऱ्हाईकानं ऑर्डरी कमी केल्या, जुनं पेमेंटही अडकलं. मग हप्त्यासाठी पतसंस्था, पतसंस्थेसाठी सावकार, असं होत 2024 च्या दिवाळीला शटर खाली आलं. त्या दिवशी हिशोब असा होता: बँक 13 लाख, पतसंस्था 5 लाख, सावकार 3 लाख, लोखंड आणि टूल्स देणारे व्यापारी अडीच लाख, मित्रांचे हातउसने दीड लाख. शिवाय जीएसटीचे सत्तरेक हजार.

जानेवारीत फोन सुरू झाले. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो ऐकवला की समोरचा जरा नरमतो. तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा, पुढं कामाला येतं. हे घराबाहेर पडेनासे झाले होते, चौकात कोण भेटेल याची धास्ती. म्हणून वकील शोधायचं काम माझ्याकडं आलं.

गडहिंग्लजच्या मामांचं पहिल्यापासून एकच, "कोल्हापूरचा वकील बघ, आपला माणूस, मराठीत बोलेल." वकिलाला देशात कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं हे खरं. पण नादारीचा अर्ज कर्जदार जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच कोर्टात द्यावा लागतो, म्हणजे बेळगावला. दर तारखेला कोल्हापूरहून येणाऱ्याचं भाडं कोण देणार? आणि इकडचे उतारे, पतसंस्थेच्या नोटिसा, पोलिसांचे कागद, सगळं कन्नडमध्ये. ते वाचता येणारा माणूस हवाच. मामांना हे पटवायला दोन फोन पुरले नाहीत. पुढं ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा त्यांचा आनंदानं पुन्हा फोन! म्हटलं, मामा, आम्हाला त्याचा काय उपयोग? आमचं हायकोर्ट धारवाडला.

मोबाईलवर "कर्जमुक्ती" असं शोधलं की जाहिरातींचा पाऊस पडतो. एका कंपनीच्या मुलीनं फार गोड बोलून सांगितलं की हप्ते थांबवा, आम्हाला दर महिन्याला फी द्या, सहा-आठ महिन्यांनी आम्ही निम्म्यात सेटलमेंट करून देऊ. आमच्या वतीनं कोर्टात कोण उभं राहणार म्हणून विचारलं, तर "आमची लीगल टीम आहे" एवढंच उत्तर. टीममधल्या एकाचंही नाव मिळालं नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, हे मला नंतर कळलं. जाहिरात करून गिऱ्हाईक गोळा करणारा तुमचा वकील नसतो, मधला दलाल असतो.

पहिलं कामाचं दार म्हणजे जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण. चन्नम्मा सर्कलजवळ कोर्टाच्या आवारातच त्यांचं ऑफिस आहे, आणि 15100 हा फोन नंबर सगळीकडं चालतो. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. पण मेख अशी की कर्जदार मी नव्हते, हे होते. ह्यांच्या अर्जासाठी ह्यांचं उत्पन्न बघणार, आणि मागच्या वर्षीच्या रिटर्नवर शेडची उलाढाल दिसत होती. वकील नाही मिळाला, पण तिथल्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी अर्धा तास बसवून नीट ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. आधी कर्जांची यादी करा, प्रत्येकापुढं तारण काय आणि जामीनदार कोण ते लिहा. आणि ई-कोर्ट्सच्या साईटवर बेळगाव जिल्हा निवडून कायद्याच्या नावानं केसेस शोधा. प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, 1920 निवडलं की असे अर्ज कुणी कुणी दाखल केलेत ते दिसतं, केस उघडली की वकिलाचं नावही दिसतं.

मला वाटलं होतं शेकड्यानं केसेस निघतील. फार थोड्या निघाल्या. त्यात तीच तीच वकिलांची नावं पुन्हा येत होती. ती मी वहीत उतरवली.

तरीपण पहिला वकील शेजाऱ्यांच्या ओळखीचाच पाहिला. खडेबाजारच्या बोळात ऑफिस, जमिनीच्या दाव्यांत नाव असलेला माणूस. बोलायचे 500 रुपये घेतले. खानापूर तालुक्यात ह्यांचा वडिलोपार्जित जमिनीत भावाबरोबर हिस्सा आहे. तो आधी माझ्या नावावर बक्षीसपत्र करून घ्या आणि मग अर्ज टाका, असा त्यांचा सल्ला. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांचाही चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला. पण त्या पॅनेलवरच्या बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, असा सल्ला देणाऱ्याकडं परत जाऊ नका. नादारीचा अर्ज दाखल व्हायच्या आधी दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेली हस्तांतरं कोर्ट रद्द ठरवू शकतं, आणि मालमत्ता लपवण्याचा ठपका बसला तर तो गुन्हा, वर कर्जमुक्तीही हातची जाते.

दुसरे वकील तरुण, हुशार, फाडफाड बोलणारे. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "एनसीएलटी, बेंगळुरू." म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं न्यायाधिकरण. 2016 चा दिवाळखोरी कायदा, आयबीसी, सगळं समजावलं. खर्च लाखाच्या वर, शिवाय जेवढं कर्ज सुटेल त्याच्या दहा टक्के. मी एकच विचारलं, "आमची कंपनी नाही, एकट्याच्या नावावरचा धंदा आहे, तरी तिथंच जायचं?" ते म्हणाले, बघून सांगतो. घरी येऊन मी स्वतः वाचत बसले. आयबीसीतला व्यक्तींसाठीचा भाग 2019 च्या 1 डिसेंबरपासून लागू झाला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी. आमच्यासारख्यांना अजून तो 1920 चा ब्रिटिशांच्या काळातला कायदाच, आणि अर्ज इथल्याच कोर्टात. निकालावर टक्केवारी घ्यायलाही वकिलांना मनाई आहे. त्यामुळं पुढच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच करायचा असं मी ठरवलं, कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या कोर्टात? दोन वाक्यांत उत्तर आलं नाही की चहा संपवून उठायचं.

फेब्रुवारीत कर्नाटक सरकारचा मायक्रोफायनान्सच्या जाचाविरुद्धचा अध्यादेश आला. जबरदस्तीनं वसुली करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. गल्लीत एकच चर्चा, आता कर्ज फेडायचं नाही. आमच्या सावकाराचे दोन पोरगे दारात येऊन बसायचे, ते तेवढे बंद झाले. बँकेच्या कर्जाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मार्चमध्ये बँकेची साठ दिवसांची सरफेसी नोटीस, म्हणजे तारण ताब्यात घ्यायच्या आधीची नोटीस, आली आणि मी तिसऱ्या वकिलांकडं गेले, वहीतल्या नावांपैकी एक. पन्नाशीचे गृहस्थ, घरी कन्नड बोलणारे, माझ्याशी अस्सल बेळगावी मराठीत. ऑफिसात एसी नाही, टेबलावर फायलींच्या चवडी. "बसा की अक्का," म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत यादी मागितली. वाचता वाचता पेन पतसंस्थेच्या ओळीवर थांबलं.

"जामीनदार कोण?"

"माझे धाकटे दीर."

"त्यांना म्हाइत हाय काय, तुमी हितं आलाय ते?"

नव्हतं माहीत. पेन खाली ठेवून ते म्हणाले, नवऱ्याला कोर्टानं उद्या कर्जमुक्त केलं तरी जामीनदार सुटत नाही, पतसंस्था सरळ दिरांच्या मागं लागणार. त्यांना आधी घेऊन या, त्यांच्यासमोर बोलू, मग अर्जाचं बघू. त्याच बैठकीत त्यांनी बाकीच्या वाईट बातम्याही एकामागून एक देऊन टाकल्या. मशीन बँकेकडं गहाण आहे, ते बँक नेणारच, नादारीनं तारणाचं कर्ज थांबत नाही. मशीन विकून जे कमी पडेल तेवढंच यादीत धरता येईल. जीएसटी सरकारी देणं, तेही माफ होत नाही. सावकाराकडं दिलेले चेक बाउन्स झाले असतील तर 138 ची केस फौजदारी, ती वेगळी चालणार. आणि खानापूरचा हिस्सा रिसिव्हरच्या, म्हणजे कोर्टानं मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाणार.

"मग ऱ्हातंय काय?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 काढलं आणि बोट ठेवून मराठीत सांगत गेले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं होत नाहीत. बाईनं धर्माप्रमाणं अंगावरून काढू नये असा दागिना होत नाही. माझ्या मंगळसूत्राकडं बघून म्हणाले, "हे कोण मागणार न्हाई." मग विचारलं, शिलाई मशीन कुणाच्या पैशानं घेतलं? माझ्या भिशीच्या पैशानं. पावती आहे? होती. ती फायलीत लावा, म्हणाले. तीन वकिलांमध्ये काय उरणार आणि काय जाणार हे पहिल्याच दिवशी सांगणारे हे एकटे. हातात काही पडलं नव्हतं, तरी त्या रात्री झोप लागली.

फी पंचेचाळीस हजार, तीन टप्प्यांत: वकीलपत्रावर सही करताना, अर्ज दाखल झाल्यावर आणि हुकूम झाल्यावर. कोर्ट फी, वर्तमानपत्रातली नोटीस, झेरॉक्स, टायपिंग वेगळं. सगळं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेतलं. तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, हेही विचारलं. साध्या तारखेला ज्युनिअर, ह्यांच्या जबाबाला आणि उलटतपासणीला स्वतः, असं ठरलं. वकील पटला नाही तर बदलता येतो हेही सांगून ठेवते. फी थकली म्हणून तुमचे कागद अडवून ठेवायचा वकिलाला अधिकार नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2000 साली सांगितलंय. वकिलांच्या ऑफिसला संध्याकाळी सहानंतरच जा. दिवसा कोर्टात गाठलं तर जिन्यावर दोन वाक्यांत गुंडाळतात.

दिरांना सांगणं हे सगळ्यात अवघड. हे स्वतःच खानापूरला गेले, मी बरोबर. बस मला शक्ती योजनेत फुकट, आधार कार्ड दाखवलं की झिरो तिकीट. ह्यांनी तिकीट काढलं आणि वाटभर बोलले नाहीत. दीर आधी भडकले. जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. आठवड्यानं दीर आपणहून वकिलांकडं आले. पतसंस्थेशी बोलून त्यांनी महिना सहा हजारांचा हप्ता बांधून घेतला. त्यातले निम्मे मी माझ्या शिवणकामातून देते. कायद्यानं द्यावे लागत नाहीत, पण द्यावे लागतात.

कागद जमवायला एप्रिल-मे गेला. कर्जमंजुरीची पत्रं, खात्यांची स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयकर आणि जीएसटी रिटर्न, चेकबुकांची अर्धुकं, जमिनीचा उतारा, आणि सरकारच्या कावेरी पोर्टलवरून ईसी, म्हणजे जमिनीवरच्या बोज्याचा दाखला. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढा. विसरलेलं एखादं ॲप-कर्ज त्यात डोकं वर काढतं, आमचं काढलंच. प्रत्येक कागदाचे तीन संच केले. अर्ज इंग्रजीत होता. सही करायच्या आधी वकिलांनी तो ओळीनं मराठीत वाचून दाखवावा असा मी आग्रह धरला आणि त्यांनी तासभर बसून वाचला. त्यात एका व्यापाऱ्याचा आकडा जुना निघाला, तो दुरुस्त झाला.

यादीत सगळे धनको नाव-पत्त्यासकट द्यावे लागतात. हातउसने दिलेले मित्रही. ह्यांच्या शाळेपासूनच्या मित्राचं नाव लिहिताना हे अडखळले, "त्याला गुपचूप देऊन टाकतो की आधी." वकील म्हणाले, अर्जाच्या तोंडावर एकालाच पैसे दिले तर तेही कोर्टात उलटं पडतं. नाव गेलं यादीत. जुलैत त्या मित्राला कोर्टाची नोटीस पोचली आणि त्याचा फोन आला. काय बोलणं झालं ते ह्यांनी सांगितलं नाही. पण गणपतीला तो घरी आला होता.

अर्ज उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये दाखल झाला. कायद्यात किमान कर्जाची अट 500 रुपयांची आहे, 1920 पासून तीच! मग नोटिसा, वर्तमानपत्रात जाहिरात (साडेतीन हजार), तारखा. दोनदा कोर्ट बसलंच नाही. सावकारानं हरकत घेतली की हे उत्पन्न लपवतात, बायको शिवणकामात पैसा करते. उलटतपासणीत ह्यांना माझ्या मशीनबद्दल विचारलं तेव्हा भिशीची ती पावती पुढं आली आणि तो विषय तिथंच संपला. दरम्यान बँकेनं व्हीएमसी नेलं, विकलं, आणि उरलेले चार लाख यादीत आले.

डिसेंबरची तारीख नेमकी बेळगावात भरणाऱ्या विधानसभेच्या अधिवेशनात पडली. त्या दिवसांत गावात मोर्चे, बंदोबस्त, वळवलेले रस्ते. आम्ही सकाळी आठलाच घर सोडलं. हुकूम झाला. आता यादीतल्या कुणालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेशही वकिलांनी मागून घेतला. जमिनीचा हिस्सा रिसिव्हरकडं गेलाय. तो विकायला निघाला तर दीर घेणार म्हणतात. सावकाराच्या 138 च्या केसची तारीख मार्चमध्ये आहे. ती आमच्या वकिलांचा ज्युनिअर बघतो, फी वेगळी, आठ हजार.

कर्जातून सुटका, म्हणजे डिस्चार्ज, यासाठी वर्षभरात पुन्हा अर्ज करायचाय. तोपर्यंत पन्नास रुपये किंवा जास्तीची उधारी घ्यायची झाली तर "मी नादार आहे" असं आधी सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तोही गुन्हा. पन्नास रुपयांत आजकाल काय येतं? म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं ह्यांच्या नावाचं खातं बंद करून माझ्या नावावर उघडलंय, आणि दर शनिवारी ते मीच चुकतं करते.